पेटी कुणाची, माणूस कुणाचा?

ग्रामपंचायतींचे निकाल लागले की भोर-वेल्ह्यात एक बेरीज हमखास चुकते. तालुक्यातल्या एवढ्या ग्रामपंचायती आमच्या, असं संध्याकाळपर्यंत एक पक्ष जाहीर करतो. दुसरा त्याहून मोठा आकडा देतो आणि तिसराही मागे राहत नाही. तिघांचे दावे एकत्र केले तर निवडणूक झालेल्या गावांपेक्षा जिंकलेली गावंच जास्त निघतात! गुलालानं माखलेला एकच सरपंच दोन नेत्यांकडून हार घालून घेतो आणि दोन्ही फोटो दुसऱ्या दिवशी छापून येतात.

यात खोटं कोण बोलतं? बहुतेक वेळा कुणीच नाही. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर लढवली जात नाही. गावात पॅनेलं असतात, त्यांना ग्रामदैवताचं नाव असतं, उमेदवारांना मुक्त चिन्हांमधून कपबशी किंवा छत्री मिळते. निवडून आलेला माणूस अमुक पक्षाचा, अशी नोंद सरकारी कागदावर कुठेच होत नाही. त्यामुळे पक्ष ठरतो तो निकालानंतर, आणि सांगणारा जितका जवळचा तितका ठामपणे ठरतो.

हे फक्त गावापुरतं असतं तर मी त्यावर लिहायला बसलो नसतो. पण हाच घोटाळा विधानसभेत होतो, लोकसभेत होतो आणि इतिहासाच्या पुस्तकांतही होतो. महाराष्ट्राच्या राजकारणातली एक मोठी निवडणूक, १९५७ ची, अशी आहे की पश्चिम महाराष्ट्रात जिंकणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीचं नाव सगळ्यांना पाठ आहे आणि निवडणूक आयोगाच्या तक्त्यात मात्र ते नावच नाही.

एकाच उमेदवाराची तीन नावं

मावळपट्ट्यातल्या तांदळाचं उदाहरण घेऊ. शेतकऱ्याच्या घरून निघालेला माल एकच असतो. पोत्यावर गिरणीचा शिक्का असतो. गिऱ्हाईक दुकानात येऊन ‘वेल्ह्याचा इंद्रायणी द्या’ म्हणतं. आणि व्यापाऱ्याच्या वहीत नुसतं ‘तांदूळ’ लिहिलेलं असतं. तिन्ही नावं खरी आहेत, पण प्रत्येक नाव लावणारा वेगळा आणि त्याची गरजही वेगळी.

उमेदवाराचंही असंच असतं. पहिलं नाव म्हणजे मतदान केंद्रात दिसणारं चिन्ह. दुसरं लोकांच्या तोंडी असलेलं: समितीचा माणूस, पवारांचा माणूस, थोपट्यांचा माणूस. तिसरं नाव निवडणूक आयोगाच्या दप्तरात पक्षाच्या रकान्यात चढतं, आणि पुढे पन्नास वर्षांनी अभ्यासकाच्या हाती तेवढंच लागतं.

यातली एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात आलेली नसते. आपल्या मतदान यंत्रावर पक्षाचं नाव छापलेलं नसतं. अनुक्रमांक, उमेदवाराचं नाव, त्याचा फोटो आणि चिन्ह, एवढंच असतं. क्रम लावताना आधी मान्यताप्राप्त राष्ट्रीय व राज्य पक्षांचे उमेदवार, मग नोंदणी झालेल्या पण मान्यता नसलेल्या पक्षांचे, शेवटी अपक्ष, आणि प्रत्येक गटात नावं वर्णानुक्रमानं. ‘पंजाला दिलं’, ‘घड्याळाला दिलं’ असं आपण म्हणतो ते उगाच नाही. मतदारासमोर पक्ष येतो तो चित्र होऊन. म्हणूनच चिन्हावरून इतकी भांडणं होतात.

१९५७: पेट्या वेगळ्या, मागणी एक

१ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्य झालं. त्यात पश्चिम महाराष्ट्र, कोकण, विदर्भ, मराठवाडा, गुजरात, सौराष्ट्र आणि कच्छ एका दावणीला बांधले गेले. त्याआधीच ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली होती. कॉम्रेड डांगे अध्यक्ष, एस. एम. जोशी सरचिटणीस. समितीत प्रजासमाजवादी होते, कम्युनिस्ट होते, शेतकरी कामगार पक्ष होता, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन होतं, जनसंघ आणि हिंदुमहासभाही होती. एरवी एकमेकांची तोंडं न पाहणारे हे लोक मुंबईसह मराठी भाषकांचं एक राज्य या एका मागणीवर एकत्र आले.

त्यांनी एकत्र येणं भागच होतं. आपल्याकडे ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून येतो. निम्म्याहून अधिक मतं मिळायलाच हवीत असं बंधन नाही. समजा, एका मतदारसंघात काँग्रेसला शंभरातली ४० मतं आहेत. उरलेली ६० काँग्रेसविरोधी आहेत, पण ती २५, २०, १० आणि ५ अशी चार पक्षांत वाटलेली आहेत. काँग्रेस आरामात जिंकते. आता त्याच ६० मतांपुढे चौघांनी मिळून एकच उमेदवार ठेवला तर? सगळी मतं वळणार नाहीत. जनसंघाचा मतदार कम्युनिस्ट उमेदवाराला मत देताना अडखळेल, शेतकरी कामगार पक्षाच्या गावात फेडरेशनचा उमेदवार आला तर जातीची भिंत आड येईल. तरी ६० पैकी ४५ वळली तरी काँग्रेस पडते. एका जागी एकच उमेदवार, ही समितीची खरी ताकद होती. सभा, पोवाडे, शाहिरांचे फड यांनी हवा तापवली, पण जागांची संख्या या वाटपानं वाढवली.

मग समितीनं स्वतःचं एकच चिन्ह का घेतलं नाही? कारण घटक पक्षांना ते परवडणारं नव्हतं. पक्षाची मान्यता मिळालेल्या मतांवर ठरते आणि मतं मोजली जातात ती पक्षाच्या नावावर. आपलं चिन्ह सोडून समितीच्या चिन्हावर लढलेल्या पक्षाच्या खात्यात शून्य मतं पडली असती आणि पुढच्या वेळी मान्यता गेली असती. शिवाय समिती एका मागणीसाठी होती. ती पुरी झाल्यावर प्रत्येकाला आपापल्या घरी परतायचंच होतं.

त्या काळची मतदानाची रीत इथं डोळ्यासमोर आणायला हवी. १९५२ आणि १९५७ या दोन्ही निवडणुकांत मतपत्रिकेवर शिक्का मारायची पद्धत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी असे. पडद्यामागे पेट्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीवर त्या उमेदवाराचं चिन्ह चिकटवलेलं. मतदारानं हातातली कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. काँग्रेसच्या पेटीवर बैलजोडी, प्रजासमाजवाद्यांच्या पेटीवर झोपडी, कम्युनिस्टांच्या पेटीवर कणीस-विळा, फेडरेशनच्या पेटीवर हत्ती. ‘समिती’ असं लिहिलेली पेटी कुठेच नव्हती. आपल्या मतदारसंघात समिती म्हणजे झोपडी की कणीस, हे प्रत्येक गावाला वेगळं शिकवावं लागलं. रायरेश्वराच्या पठारावर किंवा तोरण्याच्या पायथ्याला राहणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या माणसापर्यंत हे पोचवायचं म्हणजे कार्यकर्त्यांची केवढी पायपीट झाली असेल! त्या चळवळीतलं हे काम मला सभांच्या गर्दीइतकंच मोठं वाटतं, आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं आहे.

चौकट: १९५७ च्या मुंबई विधानसभेचा तक्ता कसा वाचावा

एकूण जागा ३९६. काँग्रेस २३४, प्रजासमाजवादी ३६, शेतकरी कामगार पक्ष ३१, कम्युनिस्ट १३, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन १३, जनसंघ ४, हिंदुमहासभा १, अपक्ष ६४. समिती नावाची ओळ यात नाही. गुजरातेत महागुजरात जनता परिषदेनं तितकंच रान उठवलं होतं, तिचीही ओळ नाही. समितीनं १३३ पैकी १०१ जागा जिंकल्या, असं पुस्तकांत वाचायला मिळतं. हा हिशोब पश्चिम महाराष्ट्र, कोकण आणि मुंबईपुरता आहे आणि तो उमेदवारांच्या नावांवरून केलेला आहे. वरच्या तक्त्यातल्या काँग्रेसेतर पक्षांची नुसती बेरीज करून तो निघत नाही, कारण त्या आकड्यांत गुजरात आणि विदर्भातल्याही जागा आहेत, आणि समितीचे काही जण अपक्षांच्या रकान्यात गेले आहेत.

शेजारचे तीन मतदारसंघ

लोकसभेचे त्या वर्षीचे निकाल पाहिले की ही गुंतागुंत जवळून दिसते. पुण्यात ना. ग. गोरे यांनी काकासाहेब गाडगीळ यांच्यासारख्या काँग्रेसच्या बड्या नेत्याला पाडलं. नोंद: प्रजासमाजवादी. भोरला लागून असलेल्या साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील निवडून आले. नोंद: कम्युनिस्ट. लोकांनी मात्र दोघांनाही एकच नाव दिलं होतं, समितीचे उमेदवार.

तिसरं उदाहरण बारामतीचं. तिथून केशवराव जेधे निवडून आले, काँग्रेसच्या बैलजोडीवर.

जेधे हे नाव भोरकरांना परकं नाही. रोहिड खोऱ्याचे देशमुख कान्होजी जेधे कारीचे, आणि केशवराव त्याच घराण्यातले. त्यांनी आयुष्यात किती पाट्या बदलल्या, पाहा. सुरुवात सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीत. १९३० च्या दशकात काँग्रेस, तिथं प्रांतिकचं अध्यक्षपद. १९४८ मध्ये काँग्रेस सोडून शंकरराव मोऱ्यांबरोबर शेतकरी कामगार पक्षाची उभारणी. १९५४ मध्ये पुन्हा काँग्रेस. आणि ज्या सभेत संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली तिचे अध्यक्ष केशवरावच होते! पुढच्याच वर्षी तेच केशवराव समितीच्या लाटेत काँग्रेसचे खासदार झाले.

पुष्कळ जण याला कोलांटउडी म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. संयुक्त महाराष्ट्र हवा असणं आणि समितीचा उमेदवार असणं या दोन निराळ्या गोष्टी होत्या. समितीच्या आधी, १९४६ पासून, संयुक्त महाराष्ट्र परिषद काम करत होती आणि तिचे प्रमुख शंकरराव देव काँग्रेसवालेच होते. मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडलं, तेही समितीत नव्हते. मागणी सगळ्या मराठी मुलखाची होती; भांडण होतं ते पक्षात राहून ती पदरात पाडायची की पक्षाबाहेर पडून, यावर. तक्त्यातला ‘काँग्रेस’ हा शब्द वाचून केशवराव संयुक्त महाराष्ट्राचे विरोधक होते असा निष्कर्ष काढणारा अभ्यासक सपशेल फसतो. आणि ‘समिती’ची १०१ ही संख्या वाचून तेवढेच आमदार त्या मागणीचे होते असं समजणाराही फसतो.

नोव्हेंबर १९५९ मध्ये केशवराव गेले. पोटनिवडणुकीत काँग्रेसनं त्यांचे चिरंजीव गुलाबराव यांना उभं केलं. समोर शेतकरी कामगार पक्षाचे वसंतराव पवार. वसंतरावांचा धाकटा भाऊ त्या वेळी काँग्रेसचा तरुण कार्यकर्ता होता आणि त्यानं सख्ख्या भावाच्या विरोधात प्रचार केला. हा धाकटा भाऊ म्हणजे शरद पवार. बारामतीत एकाच घरात दोन चिन्हं असणं लोकांना २०२४ मध्ये नवं वाटलं, पण त्याला साठ वर्षांहून जुना दाखला आहे.

१ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं आणि समितीला जोडून ठेवणारी मागणीच संपली. प्रजासमाजवादी बाहेर पडले. १९६२ मध्ये महाराष्ट्राच्या २६४ जागांपैकी काँग्रेसनं २१५ जिंकल्या. शेतकरी कामगार पक्ष १५ वर, प्रजासमाजवादी ९ वर, कम्युनिस्ट ६ वर आले. मतदार पाच वर्षांत फिरला, हे अर्धंच खरं. एका जागी एक उमेदवार ही रचना मोडली, हे उरलेलं अर्धं.

कॅनडातही हेच

कॅनडातल्या क्युबेक प्रांतात फ्रेंच बोलणारे बहुसंख्य आहेत. त्यांच्या निवडणुकांचा इतिहास वाचताना मला सारखी आपल्या समितीची आठवण येते. १९११ मध्ये तिथं आँरी बुरासा यांच्या प्रभावाखालच्या राष्ट्रवाद्यांनी पंतप्रधान लोरिए यांच्या आरमार उभारणीच्या धोरणाला विरोध केला. इंग्रजांच्या लढायांसाठी आमची पोरं जाणार, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांनी काँझर्व्हेटिव्ह पक्षाशी हातमिळवणी करून लिबरलांना खिंडार पाडलं. या निवडून आलेल्या लोकांना म्हणायचं काय, काँझर्व्हेटिव्ह की राष्ट्रवादी? वेगवेगळ्या याद्यांत वेगवेगळं उत्तर मिळतं, कारण तेव्हा तिथल्या मतपत्रिकेवर पक्षाचं नाव छापतच नसत. उमेदवाराचं नाव, पत्ता, व्यवसाय एवढंच असे. संसदीय निवडणुकीच्या मतपत्रिकेवर पक्षाचं नाव आलं ते थेट १९७२ मध्ये. त्याआधीच्या सगळ्या पाट्या वर्तमानपत्रांनी किंवा नंतरच्या नोंदकऱ्यांनी लावलेल्या आहेत.

१९३६ मध्ये तिथल्या प्रांतिक निवडणुकीत मोरिस द्युप्लेसी यांच्या युनियाँ नास्योनालनं ९० पैकी ७६ जागा घेतल्या. हा पक्ष म्हणजे जुने काँझर्व्हेटिव्ह आणि लिबरल पक्षातून फुटलेले राष्ट्रवादी यांची एकजूट होती. पण त्यांनी समितीसारखं न करता घटक पक्ष विरघळवून एकच पाटी केली आणि ती पुढची कित्येक वर्षं टिकली. १९९० च्या ऑगस्टमध्ये मॉन्ट्रियलमधल्या एका पोटनिवडणुकीत जील द्युसेप निवडून आले. ते ब्लॉक केबेक्वाचे उमेदवार आहेत हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, पण पक्षाची नोंदणी झालेली नसल्यामुळे कागदोपत्री ते अपक्ष ठरले. तीनच वर्षांत, १९९३ मध्ये, हा पक्ष ५४ जागा घेऊन कॅनडाच्या संसदेत अधिकृत विरोधी पक्ष बनला.

बेळगावचे ‘अपक्ष’

द्युसेप यांना तीन वर्षांत स्वतःचा रकाना मिळाला. आपल्या सीमाभागातल्या मराठी माणसाला तो अजून मिळालेला नाही. १९४८ मध्ये स्थापन झालेली महाराष्ट्र एकीकरण समिती बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या निवडणुका लढवत आली. ती नोंदणीकृत पक्ष नाही, म्हणून तिचे उमेदवार आयोगाच्या यादीत अपक्ष. २०१३ च्या कर्नाटक विधानसभेच्या तक्त्यात ९ अपक्ष दिसतात. त्यातले दोन, बेळगाव दक्षिणचे संभाजी पाटील आणि खानापूरचे अरविंद पाटील, समितीचे होते. तक्ता वाचणाऱ्या बंगळूरच्या किंवा दिल्लीच्या माणसाला त्या ९ च्या आकड्यात सीमाप्रश्न दिसणार नाही.

ही कोरडी तांत्रिक बाब नाही. अपक्षांना चिन्ह राखून मिळत नाही, दर निवडणुकीला नव्यानं मागावं लागतं. समितीत दोन गट पडले आणि दोघांनीही अर्ज भरला तर ‘अधिकृत’ कोण हे ठरवणारी यंत्रणाच नसते. १९५७ मध्ये जी मतफूट टाळून संयुक्त महाराष्ट्र समिती जिंकली, तीच मतफूट सीमाभागात एकीकरण समितीला पुनःपुन्हा नडली आहे.

पंजा, घड्याळ, कमळ

आता पुन्हा भोरकडे. आजचा भोर विधानसभा मतदारसंघ म्हणजे भोर, मुळशी आणि वेल्हे, ज्या वेल्ह्याचं नाव आता राजगड तालुका झालं आहे. इथं अनंतराव थोपटे आणि त्यांच्यानंतर संग्राम थोपटे यांच्यामुळे पंजा इतकी वर्षं चालला की चिन्ह आणि घराणं एकच वाटू लागलं. तरी १९९९ मध्ये, राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन होऊन काही महिनेच झाले असताना, घड्याळाच्या काशिनाथ खुटवडांनी अनंतरावांना हरवलं. जुनी काँग्रेसच दोन चिन्हांत वाटली गेली होती आणि गावागावांतले गट आपापल्या नेत्यामागे गेले.

पक्ष फुटला की चिन्ह कुणाचं, हे १९६८ च्या चिन्हविषयक आदेशाच्या परिच्छेद १५ नुसार निवडणूक आयोग ठरवतो. आमदार-खासदार आणि संघटनेतलं बहुमत पाहिलं जातं. १९६९ च्या फुटीनंतर बैलजोडी गोठवली गेली आणि इंदिरा गांधींकडे गाय-वासरू आलं. १९७८ च्या फुटीनंतर हात, म्हणजेच पंजा. ६ फेब्रुवारी २०२४ ला आयोगानं राष्ट्रवादीचं नाव आणि घड्याळ अजित पवार गटाला दिलं. शरद पवार गटाला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ मिळालं. भोर-वेल्हे ज्या बारामती लोकसभा मतदारसंघात आहेत तिथं लोकांनी अवघ्या दोन-अडीच महिन्यांत नवं चित्र ओळखायला शिकायचं होतं. शरद पवार गटाच्या सुप्रिया सुळे दीड लाखाहून अधिक मतांनी जिंकल्या. पण त्याच यंत्रावर एका अपक्षाला तुतारीशी मिळतंजुळतं चिन्ह मिळालं होतं आणि त्याला पंधरा हजारांच्या आसपास मतं पडली. बारामतीत फरक मोठा होता, निभावलं. शेजारच्या साताऱ्यात तशाच चिन्हाला ३७ हजारांवर मतं पडली आणि शरद पवार गटाचे शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले. ही सगळी मतं चुकूनच पडली असं सिद्ध करता येत नाही, पण चित्रावर किती भार असतो ते यातून कळतं.

त्याच वर्षी विधानसभेत घड्याळाच्या शंकर मांडेकरांनी संग्राम थोपट्यांना हरवलं. एप्रिल २०२५ मध्ये संग्राम थोपटे भाजपमध्ये गेले. भोरमधली पुढची निवडणूक वाचणाऱ्याला पंजाची मतं घटलेली आणि कमळाची वाढलेली दिसतील. त्यातली किती मतं माणसाबरोबर गेली आणि किती मतदारांनी खरोखर पक्ष बदलला, हे तक्ता सांगणार नाही. त्यासाठी मतदान केंद्रनिहाय आकडे काढावे लागतील आणि गावात जाऊन बोलावं लागेल.

१९५७ साठी तर हे काम तातडीचं आहे. तेव्हा मताचा हक्क एकविसाव्या वर्षी मिळे. अठरा वर्षांची अट १९८९ मध्ये आली. म्हणजे त्या निवडणुकीत पेटीत मतपत्रिका टाकलेला माणूस आज नव्वदीच्या घरात आहे. हिर्डस मावळात, गुंजण मावळात, आंबवड्याच्या आणि कारीच्या वाड्यावस्त्यांवर अशी माणसं अजून आहेत. शाळा-महाविद्यालयातल्या मुलांनी त्यांच्याकडे वही घेऊन जावं. ‘तुम्ही कोणत्या पक्षाचे होता’ असं विचारू नये, कारण उत्तर आजच्या पक्षाचं मिळेल. पडद्यामागे किती पेट्या होत्या, कोणत्या पेटीवर काय चित्र होतं, समितीची पेटी कोणती हे गावात कुणी येऊन सांगितलं, आणि घरातल्या बायकांना ते कुणी समजावलं, एवढं विचारावं आणि गावाच्या नावासकट लिहून घ्यावं.